खाष्ट सासूचा मुखवटा : येवल्याच्या ललिताबाई पवार



सिनेमा पाहून माणसे घरी आली म्हणजे काय बोलतात, ते आठवून पाहा. नायक कसा देखणा होता, नायिकेची साडी कशी होती, गाणी किती होती, हे सगळे होते. आणि मग ओसरीवरून एखादी आजीबाई म्हणते, "ती सासू मात्र मेली भारीच खाष्ट हो!" जत्रेतल्या तंबूत सिनेमा लागत असे, त्या दिवसांत ही खाष्ट सासू फार वेळा एकाच बाईच्या रूपाने पडद्यावर येई. डोक्यावरून पदर, आवळलेले ओठ आणि एक डोळा किंचित बारीक केलेला. ती आली की प्रेक्षकांतून शिव्या सुरू झाल्याच म्हणून समजा.

त्या बाईंचे नाव ललिता पवार. त्या आपल्या नाशिक जिल्ह्याच्या, येवल्याच्या. लोकांनी ज्यांना इतक्या शिव्या दिल्या, त्या बाईंनी नेमके कोणते काम केले, ते काम अवघड का असते, आणि त्या शिव्यांपैकी किती त्यांच्या भूमिकेला होत्या व किती त्यांच्या डोळ्याला, हे आज समजावून घेऊ. शेवटचा प्रश्न जरा टोचणारा आहे. गुरुजनांनी तो विशेष लक्षात ठेवावा, अशी विनंती आहे.

आधी जन्माची हकिकत. ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ चा. माहेरचे नाव अंबा, आडनाव सगुण. येवले म्हटले की आपल्याला पैठणी आठवते, रेशमाचे रंगवलेले धागे आठवतात. त्यांचे वडील लक्ष्मणराव हेही रेशमी आणि सुती कापडाचेच व्यापारी होते. म्हणजे पोटासाठी मुलीला नाटक-सिनेमात घालावे, अशी घरची स्थिती नव्हती.

त्या काळी बाईने सिनेमात काम करणे म्हणजे काय होते, याची कल्पना आज येणे कठीण आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला. तारामतीच्या कामासाठी त्यांना बाई मिळेना. शेवटी साळुंके नावाच्या एका पुरुषाला लुगडे नेसवून तारामती उभी करावी लागली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' या चित्रात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर आल्या, तेव्हा कोठे वाट थोडी मोकळी झाली. फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला, तोही १९१३ सालीच. पुढे पंधराएक वर्षांनी, १९२८ च्या सुमारास, याच जिल्ह्यातली ही मुलगी बालवयातच मूकपटात काम करू लागली. पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीच्या चित्रांत तिने सुरुवातीची कामे केली. जे काम करायला थोड्याच वर्षांपूर्वी बाया तयार नव्हत्या, ते काम तिने जन्मभराचे केले.

आता मूकपट म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. पडद्यावर माणसे हलत, पण बोलत नसत. मधूनमधून अक्षरांची पाटी येई. ज्याला वाचता येई तो शेजारच्यांना मोठ्याने वाचून दाखवी. बाकी सारे नटाने चेहऱ्याने सांगायचे. राग आला, भीती वाटली, मनात कपट शिजले, हे भुवईने, ओठाने आणि मुख्यतः डोळ्यांनी दाखवायचे. म्हणजे मूकपटातल्या नटाचा डोळा हीच त्याची जीभ. ललिताबाई या शाळेत तयार झाल्या. १९३२ साली 'कैलास' या मूकपटात त्यांनी काम केले आणि त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. वय पाहा, अवघे सोळा!

तोवर बोलपट आला होता. १९३१ साली 'आलम आरा' निघाला आणि १९३२ साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. बोलपट आल्यावर मूकपटातल्या कितीतरी नटनट्या मागे पडल्या. कोणाचा आवाज चालेना, कोणाला भाषा येईना. ललिताबाई मात्र टिकल्या. त्या गातही असत. १९३५ च्या 'हिंमत-ए-मर्दा' या चित्रात त्या नायिका होत्या आणि गाणेही त्यांनी स्वतःच म्हटले होते. १९३८ साली त्यांनी 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला. टॉलस्टॉय या थोर रशियन लेखकाच्या 'पुनरुत्थान' या अर्थाच्या नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. सांगायचे एवढेच, की ही बाई केवळ रंग लावून उभी राहणारी नव्हती. कोणती गोष्ट सांगावी याचा विचार करणारी होती.

१९४१ साली मास्टर विनायकांचा 'अमृत' आला. कथा वि. स. खांडेकरांची. त्यात त्यांनी एका गरीब चांभाराच्या बायकोचे काम केले. तरुण नायिका म्हणून नाव असलेल्या नटीने असले काम पत्करणे ही साधी गोष्ट नव्हे. पुढे काय होणार याची कोणालाच कल्पना नव्हती. पण नुसत्या देखणेपणावर न चालणारी वाट त्यांनी आधीच चाचपून पाहिली होती.

आणि मग १९४२ साल उजाडले. 'जंग-ए-आझादी' या चित्राचे काम चालू होते. एका प्रसंगात सहनट मास्टर भगवान यांनी ललिताबाईंना थप्पड मारायची होती. ती चुकून जोरात बसली. यात कोणाचे वैर नव्हते, तो अपघात होता. परंतु त्या एका थपडेने डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. उपचार वर्षानुवर्षे चालले. चेहरा पुष्कळसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

विचार करा, श्रोतेहो. वय सव्वीस. धंदा चेहऱ्याचा. सुताराचा उजवा हात जावा, गवयाचा गळा बसावा, तसे हे झाले. नायिकेची कामे संपली. सिनेमाच्या धंद्यात नायिका म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा, निर्दोष चेहरा, असा दंडकच होता, आणि तो आजही पुरता गेलेला नाही. अशा वेळी पुष्कळजण घरी बसते. ललिताबाई घरी बसल्या नाहीत. त्यांनी चरित्र भूमिका धरल्या.

चरित्र भूमिका म्हणजे काय? नाटका-सिनेमात नायक-नायिका सोडून जी माणसे असतात, आई, सासू, आत्या, घरमालकीण, सावकार, नोकर, वैद्य, त्यांच्या भूमिका. घर बांधताना दर्शनी कमान सर्वांना दिसते, पण आढे ज्या खांबांवर टेकलेले असते, त्या खांबांकडे कोण पाहतो? चरित्र नट म्हणजे असा खांब. नायकाला दीड तास मिळतो, ह्याला दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांत एक अख्खा माणूस उभा करायचा. हा कोठला, याची परिस्थिती कशी, याला कसला राग आहे, हे सगळे प्रेक्षकाला पटले पाहिजे. ते पटले नाही तर नायकाचे दुःखही खोटे वाटते. सासू भ्याड निघाली तर सुनेच्या अश्रूंना किंमत कसली?

आता त्यांची काही कामे पाहू.

१९४४ साली प्रभातचा 'रामशास्त्री' आला. गजानन जागीरदारांनी रामशास्त्री प्रभुण्यांचे काम केले आणि ललिताबाई झाल्या आनंदीबाई. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ सालचा. 'ध'चा 'मा' केल्याची कथा आपल्या पोरासोरांनाही माहीत आहे. ती आख्यायिका आहे, इतिहासाचा पक्का पुरावा नव्हे, हे गुरुजींनी वर्गात जरूर सांगावे. नाशिककरांना या आनंदीबाई अगदीच परक्या नाहीत. शहरालगत गोदाकाठी जी आनंदवल्ली आहे, तिचे नाव या आनंदीबाईंवरूनच पडले. राघोबादादांचा वाडा तेथे होता. या चित्राने ललिताबाईंची नवी वाट पक्की केली. दुखावलेला डोळा त्यांनी लपवला नाही. मान किंचित तिरपी करायची, डोळा आणखी बारीक करायचा आणि शब्द तोलून टाकायचा, अशी त्यांची खास ढब बनली. जे उणे होते, त्याचेच त्यांनी हत्यार केले.

१९५० साली शांतारामबापूंचा 'दहेज' आला. हुंड्यापायी एका मुलीचा बळी जातो, अशी ती गोष्ट. त्यात सासू ललिताबाई. हुंडा बंदीचा कायदा आपल्या देशात झाला १९६१ साली, म्हणजे हा चित्रपट त्याच्या अकरा वर्षे आधीचा. ज्या चालीविरुद्ध बोलायचे, ती चाल एखाद्या माणसाच्या रूपाने समोर उभी करावी लागते. प्रेक्षक त्या सासूवर दात-ओठ खातो, तेव्हा तो खरे तर हुंड्यावर दात-ओठ खात असतो. निदान तसे व्हावे अशी अपेक्षा असते. घरी येऊन तोच प्रेक्षक स्वतःच्या मुलाची किंमत ठरवू लागला, तर दोष नटीचा नव्हे.

१९५५ साली गुरुदत्त यांचा 'मिस्टर अँड मिसेस ५५' निघाला. त्यात ललिताबाई एका तरुणीच्या आत्या आहेत. ही आत्या सभा घेते आणि बायकांना घटस्फोटाचा हक्क हवा म्हणून झगडते. चित्रपटाने तिची पुष्कळ चेष्टा केली आहे. पण गंमत पाहा, त्याच १९५५ साली हिंदू विवाह कायदा झाला आणि त्यात घटस्फोटाची तरतूद आली. म्हणजे चित्रातली 'वाईट' बाई जे मागत होती, ते देशाने कायद्याने देऊ केले. खलपात्राच्या तोंडी घातलेले सगळेच खोटे असते असे नाही, हे मुलांना शिकवायला हे उदाहरण फार चांगले आहे.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी राज कपूर यांचा 'श्री ४२०' आला. त्यात ललिताबाई फुटपाथवर केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. तोंडाने फटकळ, पण उपाशी पोराला जवळ करणारी माय. आणि १९५९ साली हृषीकेश मुखर्जींचा 'अनाडी'. त्यात त्या झाल्या मिसेस डिसा, मुंबईतली एक ख्रिस्ती घरमालकीण. भाडे थकवणाऱ्या भोळ्या तरुणावर ही म्हातारी दिवसभर खेकसते आणि गुपचूप त्याच्यावर आईची माया करते. पुढे एका कंपनीच्या सदोष औषधाने तिचा जीव जातो आणि आळ येतो त्या पोरावरच. या कामासाठी त्यांना उत्तम सहअभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ सालच्या 'मेमदीदी' या हृषीकेश मुखर्जींच्याच चित्रात तर नावाची भूमिका त्यांचीच होती. म्हणजे खांबाची कमान झाली म्हणा ना! त्याच साली संगीत नाटक अकादमीने अभिनयासाठी त्यांचा गौरव केला.

हसवणेही त्यांना येत होते. १९६१ च्या 'जंगली'मध्ये ज्या घरात हसायला बंदी आहे, त्या घरच्या करड्या आईसाहेब त्या आहेत. १९६२ च्या 'प्रोफेसर'मध्ये त्या अशाच एक कडक पालक बाई आहेत. तरुण शम्मी कपूर पांढरी दाढी लावून म्हातारा मास्तर बनतो आणि या कडक बाई त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडतात! त्यांचे ते लाजणे पाहून हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. जिने जन्मभर मन आवळून धरले, तिचे मन एका सोंगापुढे मोकळे झाले, म्हणून वाईट वाटते. हसता हसता असा चटका देणे ही मोठी कला आहे.

आणि आता येऊ या मंथरेकडे. १९६१ साली बाबुभाई मिस्त्री यांचा 'संपूर्ण रामायण' आला. त्यात ललिताबाई मंथरा होत्या. पुढे जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली. गावात एकाच्या घरी दूरदर्शन संच आणि त्याच्यापुढे अख्खी आळी, असा तो काळ. त्यातही मंथरा ललिताबाईच. वय सत्तरीच्या वर गेलेले. सव्वीस वर्षांच्या अंतराने तेच पात्र त्यांनी पुन्हा उभे केले.

पंचवटी ज्यांच्या जिल्ह्यात आहे, त्यांना मंथरेची ओळख करून द्यायला नको. तिने कैकेयीला वरांची आठवण दिली नसती, तर चौदा वर्षांचा वनवास नव्हता, आणि वनवास नव्हता तर पंचवटीची पर्णकुटी कोठली? असो. नटाच्या दृष्टीने मंथरेचे काम अवघड का, ते सांगतो. मंथरा स्वतःला वाईट समजत नाही. आपल्या धनिणीचे आणि तिच्या मुलाचे हित आपणच जाणतो, अशी तिची खात्री असते. जो नट 'मी दुष्ट आहे' असे समजून काम करतो, तो नुसते डोळे वटारतो. जो पात्राची बाजू समजून घेतो, त्याचे काम पटते, आणि पटले म्हणूनच भीती वाटते. आपल्या गावातही असली माणसे असतात. ती आरडाओरड करीत नाहीत. हलक्या आवाजात, 'तुझ्या भल्याचंच सांगते बाई', असे म्हणून घर फोडतात. ललिताबाईंनी ही जात नीट ओळखली होती.

आता तो टोचणारा प्रश्न. वाल्मीकींच्या कथेत मंथरा कुबडी आहे. शुक्राचार्यांचा एक डोळा गेलेला. आपल्या बोलण्यातसुद्धा एका डोळ्याच्या माणसाला 'शुक्राचार्य' म्हणून हिणवतात. लंगडा, काणा, बोबडा, या शब्दांमागे 'हा आतूनही वाकडाच असणार' असा एक छुपा समज असतो. जुन्या कथांपासून सिनेमापर्यंत तो समज चालत आला आहे. ललिताबाईंचा डोळा अपघाताने गेला आणि सिनेमाने त्यांना खाष्ट सासू केले. दुखापत शरीराला झाली होती आणि शिक्का मात्र स्वभावावर बसला. लोकांना वाटले, डोळाच असा आहे म्हणजे बाई कपटीच असणार!

याचे उत्तर ललिताबाईंनी स्वतःच आपल्या कामाने देऊन ठेवले आहे. 'दहेज'मधली सासू आणि 'अनाडी'मधली मिसेस डिसा, दोघींचा डोळा एकच आहे. पहिलीचा पाहून आपण दचकतो, दुसरीचा पाहून गहिवरतो. १९७१ च्या 'आनंद'मध्ये त्या इस्पितळाच्या मेट्रन आहेत. मरणाच्या दारी असलेल्या तरुणाला आधी दटावणाऱ्या आणि मग त्याची आई होणाऱ्या. तेथेही तोच डोळा. तेव्हा कपट डोळ्यात नव्हते आणि मायाही डोळ्यात नव्हती. दोन्ही त्या बाईंच्या कसबात होती. येवल्याच्या मागावर धागा रेशमाचाच असतो. मोर उमटवायचा की पोपट, ते विणकराचा हात ठरवतो.

म्हणून गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या संमेलनात नाटक बसवता, तेव्हा पात्रे कशी वाटता? गोरा-गोमटा मुलगा राम, देखणी मुलगी सीता, आणि ज्याचा पाय अधू, जिच्या चेहऱ्यावर डाग, त्यांना राक्षस नाहीतर मंथरा, असे तर होत नाही ना? एखाद्या वर्षी उलट करून पाहा. पाय अधू असलेल्या मुलाला राजा करा. त्याला काम येते की नाही, एवढेच बघा. आणि ज्याला खलपात्र द्याल, त्याला आधी विचारा, 'तुझ्या पात्राला असे का वाटते, सांग पाहू?' या एका प्रश्नाने मुलाला नाटकही कळेल आणि माणूसही थोडा कळेल. नाटक संपल्यावर त्या मुलाला वर्षभर त्याच नावाने चिडवले जात नाही ना, इकडेही लक्ष असू द्या.

माय-बहिणींनाही एक सांगणे आहे. पडद्यावरच्या सासूला शिव्या देणे सोपे असते. तिच्यात आपला एखादा सूर मिसळला आहे का, हे घरी येऊन पाहणे अवघड. चांगले चरित्र काम आपल्याला आरसा दाखवते, तो असा.

ललिताबाई २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यास, औंध येथे वारल्या. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत सुमारे सात दशके त्या काम करीत राहिल्या. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगतात. आकडा थोडा इकडेतिकडे झाला, तरी बिघडत नाही. त्यांतली नायिकेची कामे सुरुवातीच्या काही वर्षांतली आणि बाकी पाच दशकांहून अधिक काळ त्या दुसऱ्यांच्या गोष्टींना आधार देत उभ्या राहिल्या. एका थपडेने ज्यांची कारकीर्द संपली असे लोक म्हणाले असतील, त्यांची खरी कारकीर्द त्या थपडेनंतरची आहे.

पुढच्या वेळी दूरदर्शनवर एखादा जुना चित्रपट लागेल आणि ती तिरपी मान, तो बारीक डोळा समोर येईल, तेव्हा क्षणभर थांबा. शिवी द्यायची तर त्या सासूला जरूर द्या, तिने ती कमावलेली आहे. पण घरातल्या मुलांना हेही सांगा, की या बाई आपल्या येवल्याच्या, आणि हे त्यांचे काम होते.